मिलिशिया नक्की कुणाच्या असतात? यादवी युद्धं, ओळख आणि सत्ता

रानवाट:

बरेच महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलोच. सुदानच्या बातम्या वाचताना, त्याआधी सीरिया, त्याआधी इराक, दर वेळी एक ठरलेलं वाक्य येतं, की अमुक जमात विरुद्ध तमुक जमात, फार जुनं वैर आहे आणि दोन्हीकडच्या मिलिशिया, म्हणजे सरकारी सैन्याबाहेरची सशस्त्र दलं, आपापल्या लोकांसाठी लढतायत. जुनं वैर म्हटलं की पुढे विचारायला काही उरतच नाही, आणि वाचणारा सुटतो.

मला जे म्हणायचंय ते असं. मिलिशिया आपल्या समाजासाठी लढते असं आपण धरून चालतो, पण यादवी युद्धांत तिचं सगळ्यात चिवट भांडण बऱ्याचदा आपल्याच समाजातल्या दुसऱ्या बंदूकवाल्याशी असतं, आणि ते असतं एकाच गोष्टीवरून, की "आमच्या लोकांच्या" वतीने बोलणार कोण, वसुली करणार कोण आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसणार कोण. तो हक्क ज्याच्या हातात आला त्याच्या हातात सगळंच आलं.

लेबनॉनचं घ्या, कारण त्याबद्दल मी जरा जास्त वाचलंय. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं यादवी, साधारण दीड लाख माणसं गेली. तिथे सत्तेची वाटणीच मुळात पंथावर होती. १९३२ च्या शिरगणतीनंतर परत मोजणी केलीच नाही, संसदेत ख्रिश्चन आणि मुस्लिम जागांचं प्रमाण ६ ला ५, राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. शिवाय प्रत्येकाच्या ओळखपत्रावर पंथ छापलेला. १९७५ च्या ६ डिसेंबरला, ज्याला तिथे काळा शनिवार म्हणतात, बैरूतमध्ये रस्त्यांवर नाके उभे राहिले, गाड्या थांबवून ओळखपत्रं बघितली गेली आणि मुस्लिम निघाला की तिथल्या तिथे मारला. कताएब या ख्रिश्चन पक्षाचे चार तरुण मारले गेल्याचा तो सूड होता. शेकडो माणसं गेली. एका सरकारी कागदावरच्या एका शब्दावर माणूस जगणार की मरणार हे ठरलं, हे वाचल्यावर कित्येक दिवस मला ते डोक्यातून काढता आलं नव्हतं.

आता इथपर्यंत गोष्ट "ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम" अशीच दिसते. पण पुढे वाचत गेलो तर काय दिसतं? जून १९७८ मध्ये कताएबच्या माणसांनी उत्तरेत एहदेन गावावर हल्ला केला आणि टोनी फ्रांजिये, त्याची बायको आणि लहान मुलगी यांना ठार केलं. टोनी म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, मॅरोनाइट ख्रिश्चनच, आणि स्वतः एका मिलिशियाचा म्होरक्या. भांडण कशावरून, तर फ्रांजिये कुटुंब सीरियाच्या बाजूचं होतं हे एक, आणि दुसरं म्हणजे उत्तरेतल्या सिमेंट कारखान्यांकडून संरक्षणाच्या नावाखाली वसुली कुणी करायची. मग जुलै १९८० मध्ये कताएबचाच नेता बशीर जमायेल याच्या लोकांनी साफ्रा इथे शमून घराण्याच्या 'टायगर्स' या मिलिशियावर धाड घातली. तेही ख्रिश्चन, कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले. त्यानंतर बशीरने जाहीर केलं की आता ख्रिश्चनांची बंदूक एकच. दोन वर्षांत तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि तीन आठवड्यांत, १४ सप्टेंबर १९८२ ला, बॉम्बस्फोटात मारला गेला. त्याच्या पाठोपाठ बैरूतमधल्या साब्रा-शातिला या पॅलेस्टिनी वस्त्यांमधली कत्तल झाली, ती सगळ्यांना माहीत आहे.

शियांचं बघा. 'अमल' ही मुसा सद्र या शिया धर्मगुरूंनी उभी केलेली चळवळ, वंचितांची चळवळ म्हणूनच सुरू झालेली. १९८५ ते ८८ अमलने पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांना वेढे घातले. आणि १९८८ पासून १९९० पर्यंत अमल आणि हिजबुल्ला हे दोन शिया गट एकमेकांवर तुटून पडले, बैरूतच्या दक्षिण उपनगरांत, मग दक्षिणेतल्या गावांत, कधी कधी एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना. हे थांबलं ते दमास्कस आणि तेहरान यांनी मिळून थांबवलं तेव्हा. आणि शेवटी १९९० मध्ये लष्करप्रमुख जनरल औनचं सैन्य आणि समीर जाजाची लेबनीज फोर्सेस ही मिलिशिया, दोघेही ख्रिश्चन, पूर्व बैरूतमध्ये लढले. पंधरा वर्षांत "शत्रूला" जमली नव्हती एवढी नासधूस ख्रिश्चन भागाची त्या काही महिन्यांत झाली.

म्हणजे मग ओळख खोटी का? तसं मला वाटत नाही, आणि इथेच माझं अडतंय. लोकांची भीती खरी असते. पण त्या भीतीवर मक्ता कुणाचा, यावरून जे राजकारण चालतं ते वेगळं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण बातमीत फक्त पंथाचं नाव येतं. इथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं आहे, तर बाकी देशांबद्दल लिहा.

अनवट:

धागा आवडला. लगेच आठवलं ते श्रीलंका. तमिळांच्या बाजूने लढणाऱ्या संघटना सुरुवातीला कितीतरी होत्या, टेलो, ईपीआरएलएफ, प्लोट, ईरोस, आणि एलटीटीई. १९८६ च्या एप्रिल-मे मध्ये एलटीटीईने टेलोचा काही दिवसांत खातमा केला, त्यांचा नेता श्री सबारत्नम मारला गेला, वर्षाच्या शेवटी ईपीआरएलएफची पाळी. समोर सिंहली सैन्य उभं असताना हे चाललं होतं हे लक्षात घ्या. त्यानंतर "तमिळांचे एकमेव प्रतिनिधी" हा दावा आला, म्हणजे आधी बाकीचे संपवायचे आणि मग आपण एकटेच आहोत म्हणायचं.

आणि २००४ मध्ये तोच दावा फुटला. पूर्वेकडचा सेनानी करुणा बाहेर पडला, म्हणाला पूर्वेची पोरं मरतात आणि पदं सगळी उत्तरेकडच्यांना. ही तक्रार खोटी नव्हती. पण तो पुढे सरकारच्या बाजूला गेला, खासदार झाला, मग उपमंत्री. एका रात्रीत "तमिळ" या ओळखीच्या आत "पूर्वेचे तमिळ" अशी दुसरी ओळख राजकारणात चालू लागली. ती आधीपासून होतीच, पण तिच्यामागे बंदूक उभी राहिल्यावरच ती मोजली गेली.

साधा_प्रश्न:

रानवाट, तुमचं लिखाण नेहमी वाचते, पण या वेळी मला जरा त्रास झाला म्हणून लिहितेय. "ओळख म्हणजे भांडवल" या अंगाने जाणारं विश्लेषण वाचलं की मला नाक्यावर उभा असलेला माणूस दिसतो. त्याच्यासाठी ते भांडवल वगैरे काही नसतं हो. २०२३ मध्ये सुदानमधल्या पश्चिम दारफुरच्या अल जिनैना शहरात काय झालं ते आठवा. आरएसएफ हे निमलष्करी दल आणि त्याच्या सोबतच्या अरब टोळ्यांनी मसालीत या बिगर-अरब जमातीच्या लोकांना वेचून मारलं, वस्त्या जाळल्या, चाडच्या सीमेकडे पायी पळणाऱ्या बायकापोरांवर रस्त्यात गोळ्या घातल्या. तिथले राज्यपाल खमीस अबकर स्वतः मसालीत, त्यांनी टीव्हीवर मुलाखत देऊन सांगितलं की इथे वंशसंहार चाललाय, आणि त्यानंतर त्यांना पकडून ठार केलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात एकट्या त्या शहरात १० ते १५ हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. त्या लोकांना कुणी विचारलं नाही की तू कुठल्या गटाचा, कुणाला हप्ता देतोस. मसालीत आहेस एवढंच पुरलं.

तर "मुळात हे सत्तेचं भांडण आहे" असं आपण म्हणतो तेव्हा मरणाऱ्याच्या बाबतीत घडलेलं जे सगळ्यात महत्त्वाचं, तेच आपण बाजूला सारतो असं मला वाटतं. राग मानू नका.

रानवाट:

@साधा_प्रश्न, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते बरंच झालं. मूळ लेखात मी हे पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. मारला जाणारा माणूस त्याच्या ओळखीमुळेच मारला जातो, यात तिळमात्र शंका नाही. माझा प्रश्न मारणाऱ्याच्या बाजूचा आहे. तो खरंच "अरबांच्या" वतीने मारतोय का?

कारण सुदानमध्येच बघा. २००३ मध्ये दारफुरमध्ये बंड झालं तेव्हा सरकारने अरब टोळ्यांना शस्त्रं दिली, जंजावीद. त्यांचा सगळ्यात मोठा म्होरक्या मुसा हिलाल, रिझेगात जमातीच्या महामीद शाखेचा. हेमेदती, म्हणजे मोहम्मद हमदान दगालो, हाही रिझेगातच, पण माहरिया शाखेचा, तेव्हा खूप खालचा. २०१३ मध्ये सरकारने आरएसएफ उभी केली ती हेमेदतीच्या हाताखाली, हिलाल बाजूला पडला. हिलालच्या माणसांच्या ताब्यात जबल आमेरच्या सोन्याच्या खाणी होत्या. २०१७ मध्ये हेमेदतीने हिलालला धरून तुरुंगात घातलं आणि सोनं स्वतःकडे घेतलं. दोघेही अरब, दोघेही एकाच मोठ्या जमातीचे, दोघांचेही हात त्याच कत्तलींनी माखलेले. म्हणजे अल जिनैनात अरब म्हणून लढणारा माणूस जबल आमेरच्या सोन्यासाठी अरबालाच आत टाकतो. मसालीत माणसाची ओळख त्याचा जीव घेते आणि हेमेदतीची ओळख त्याला हवी तेव्हा कामाला येते. या दोघांना एकाच "जमातींच्या वैरात" कोंबलं जातं, त्याला माझा विरोध आहे.

पाटीपेन्सिल:

पैशाचं कुणी नीट लिहिलं नाहीये म्हणून लिहितो. मिलिशिया पगारावर चालत नाही बऱ्याचदा, ती परवानगीवर चालते. म्हणजे हा रस्ता तुझा, या नाक्यावरची वसुली तुझी, या गावातलं जे मिळेल ते तुझं. आपल्याकडे इतिहासात पेंढारी वाचलेले असतील, फौजेबरोबर जायचं, पगार नाही, लूट हाच मोबदला. तसंच. त्यामुळे लढाई संपणं हे त्या माणसाच्या पोटावर येतं.

लायबेरिया याचं अगदी उघडं उदाहरण. १९८९ च्या २४ डिसेंबरला चार्ल्स टेलर थोड्याशा माणसांनिशी आयव्हरी कोस्टमधून निम्बा परगण्यात घुसला. निम्बाच का? कारण तिथल्या गिओ आणि मानो लोकांना राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डोच्या, म्हणजे क्राहन जमातीच्या, सैन्याने १९८५ च्या फसलेल्या बंडानंतर भयंकर छळलं होतं. टेलर स्वतः गिओही नाही आणि मानोही नाही. पण राग तयार होता, त्याला नेता हवा होता, तो हा झाला. काही महिन्यांत त्याच्यातून प्रिन्स जॉन्सन फुटला, आणि डोला पकडून हालहाल करून मारलं ते जॉन्सनने, टेलरने नव्हे. मग क्राहन आणि मंडिंगो मिळून टेलरविरुद्ध युलिमो उभी राहिली, ती १९९४ मध्ये फुटून क्राहनांची वेगळी आणि मंडिंगोंची वेगळी झाली, आणि दोघी एकमेकींशी लढल्या. या सगळ्या काळात टेलर ग्बार्न्गा गावात बसून देशाचा मोठा भाग चालवत होता, लाकूड, रबर, कच्चं लोखंड परदेशी विकत होता. नोटासुद्धा त्याच्या भागात वेगळ्या चालायच्या.

आणि १९९७ च्या निवडणुकीत तोच ७५ टक्के मतांनी निवडून आला. त्याचे समर्थक रस्त्यात म्हणायचे, त्याने माझी आई मारली, बाप मारला, तरी मत त्यालाच. यावर बाहेरचे लोक आश्चर्य करतात, मला त्यात आश्चर्य वाटत नाही, फार वाईट वाटतं. हरला असता तर परत जंगलात गेला असता आणि युद्ध परत सुरू झालं असतं हे मतदाराला कळत होतं. लोकांनी शांतता विकत घेतली, आणि ती पण टिकली नाही, दोन वर्षांत परत लढाई.

उंबरठा:

मला एक विचारायचंय. ज्यांच्याकडे रीतसर सैन्य आहे ती सरकारं मिलिशिया का उभ्या करतात? उद्या हीच माणसं उलटतील हे दिसत नसतं का त्यांना?

रानवाट:

@उंबरठा, दिसतं की. पण त्या क्षणी त्यांना सैन्याचीच जास्त भीती वाटत असते. सुदानमध्ये राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर (लेबनॉनचा बशीर वेगळा) स्वतः १९८९ मध्ये लष्करी उठाव करून आलेला, त्यामुळे सैन्यातले लोक कधीही आपल्याला हटवतील ही भीती त्याला कायम. मग त्याने आरएसएफ वाढवली ती सैन्यावर वचक म्हणून पण. हेमेदतीला तो "हिमायती" म्हणायचा म्हणतात, म्हणजे माझा रक्षक. आणि एप्रिल २०१९ मध्ये बशीरला हटवलं त्यात सैन्याबरोबर हाच रक्षक सामील होता. मग सैन्य आणि हेमेदती या दोघांनी मिळून २०२१ मध्ये नागरी सरकार उलथवलं आणि १५ एप्रिल २०२३ ला ते दोघेच एकमेकांवर उलटले.

दुसरं कारण स्वस्त पडतं हे. आणि तिसरं, अंगावर काही येत नाही. गाव जाळलं तर "ते जमातींचं आपसातलं भांडण होतं" म्हणायला सरकार मोकळं. म्हणजे सुरुवातीला मी ज्या "जुन्या वैरा"च्या वाक्याबद्दल लिहिलं, ते वाक्य कित्येकदा सरकारच पेरतं.

आणि सैन्याची बाजू फार स्वच्छ आहे असं पण नाही, सुदानचं सैन्य आज स्वतःच्या बाजूने कितीतरी मिलिशिया लढवतंय. अबू अकला केकल नावाचा म्होरक्या आधी आरएसएफच्या बाजूने होता, जझीरा प्रांत घेण्यात त्याचा हात होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आपली माणसं घेऊन सैन्याकडे आला. याचा सूड आरएसएफने पूर्व जझीरातल्या गावांवर उगवला, कारण ती "केकलच्या लोकांची" गावं. बाजू बदलली एकाने आणि मेले गावकरी.

दीपमाळ:

रानवाटने आत्ता जे शेवटचं वाक्य लिहिलं त्यावर अफगाणिस्तानातला प्रसंग सांगायलाच हवा.

अब्दुल रशीद दोस्तम, उझबेक म्होरक्या. आधी नजीबुल्लाच्या कम्युनिस्ट सरकारसाठी मुजाहिदीनांशी लढला. १९९२ मध्ये नजीबुल्ला बुडतोय दिसल्यावर मसूद या ताजिक मुजाहिदीन नेत्याच्या बाजूला गेला, काबूल पडलं. १ जानेवारी १९९४ ला त्याच मसूदवर उलटला आणि हिकमतयार या पश्तून मुजाहिदीन नेत्याला मिळाला, ज्याच्याशी तोवर हाडवैर होतं. काबूल दोघांनी मिळून भाजून काढलं. १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर परत मसूदबरोबर. उझबेक, ताजिक, पश्तून, हजारा यांच्या कुठल्याही जुन्या मैत्री-वैराने हा क्रम लागत नाही. जो जास्त बलवान होतोय त्याच्या विरुद्ध बाकीच्यांनी एक व्हायचं, या एका नियमाने बऱ्यापैकी लागतो. पण गंमत नाही ही, कारण प्रत्येक बदलाला नंतर कारण मात्र ओळखीचंच दिलं जायचं, की बघा उझबेकांना कसं डावललं, हजारांना कसं फसवलं.

मे १९९७ मध्ये दोस्तमचाच माणूस, अब्दुल मलिक, त्याच्यावर उलटला आणि तालिबानला मझार-ए-शरीफमध्ये घेऊन आला. दोस्तम देश सोडून पळाला. तालिबानने शहरातल्या हजारांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली तसे हजारा उठले, मग मलिकनेही पलटी खाल्ली, तालिबानची माणसं मारली गेली आणि जे कैदी झाले त्यातले हजारो नंतर ठार केले गेले. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबान परत मझारमध्ये शिरलं तेव्हा घरोघर जाऊन हजारा पुरुष आणि मुलं शोधली, मारली. आधी कुणी कुणाशी हातमिळवणी केली याच्याशी त्या घरातल्या माणसांचा काही संबंध नव्हता. म्होरके सोयीने बाजू बदलू शकतात, हजारा माणूस आपला चेहरा कसा बदलेल? साधा_प्रश्न म्हणतात ते आणि रानवाट म्हणतात ते, दोन्ही मला इथे एकाच ठिकाणी दिसतं.

अनवट:

दीपमाळ, हा प्रतिसाद जपून ठेवला.

बॉस्नियात पण असं एक प्रकरण आहे जे सहसा कुणी सांगत नाही. फिक्रेत अब्दिच, बॉस्नियन मुस्लिम, बिहाचच्या बाजूचा मोठा उद्योगपती, १९९० च्या निवडणुकीत अध्यक्षमंडळासाठी सगळ्यात जास्त मतं यालाच पडली होती. सप्टेंबर १९९३ मध्ये याने साराजेवोच्या सरकारपासून वेगळं होऊन 'पश्चिम बॉस्निया' जाहीर केला आणि सर्बांच्या मदतीने बॉस्नियन सैन्याच्या पाचव्या कोअरशी लढला. म्हणजे मुस्लिम विरुद्ध मुस्लिम, आणि बाकी देशात मुस्लिमांची कत्तल करणारे एका बाजूच्या मदतीला. त्याच्या भागातल्या कित्येक लोकांना मात्र तो पोशिंदा वाटायचा, कारण त्यांच्या नोकऱ्या त्याच्या कारखान्यात. पुढे युद्धगुन्ह्यासाठी तुरुंगात गेला, सुटला आणि २०१६ मध्ये वेलिका क्लादुशाचा महापौर म्हणून निवडून आला. इथे ओळख पंथाची नव्हतीच, "आपल्या भागाची" होती.

काजवा:

सगळं वाचतोय. एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण आतापर्यंत सगळ्या मिलिशिया एका माळेचे मणी झाल्यासारखं वाटतंय. काही खरोखर बचावासाठीच उभ्या राहतात, आणि दुसरा पर्याय नसतो म्हणून राहतात. सिएरा लिओनमध्ये १९९१ पासून आरयूएफची बंडखोरी, गावांवर हल्ले, हातपाय तोडणं. आणि सैन्य? सैन्यातले काही जण दिवसा सैनिक आणि रात्री बंडखोर, लोकांनी त्यांना नावच पाडलं "सोबेल", म्हणजे सोल्जर आणि रेबेल मिळून. गावकऱ्याने कुणाकडे जायचं सांगा. तेव्हा मेंदे लोकांमधले कमाजोर, म्हणजे परंपरेने शिकारी, पुढे आले. विधी करून दीक्षा द्यायची, गोळी लागणार नाही अशी श्रद्धा, कडक पथ्यं, बाईमाणसाला हात लावायचा नाही, लुटायचं नाही. आणि त्यांनी गावं वाचवली, हे खरं आहे.

पुढे काय झालं तर संख्या वाढली, दीक्षा सैल झाली, कुणालाही मिळायला लागली, १९९७ च्या उठावानंतर ते सरकारच्या बाजूचे अधिकृत दल झाले आणि मग त्यांच्याकडूनही संशयावरून माणसं मारली गेली. त्यांचे नेते सॅम हिंगा नॉर्मन यांच्यावर विशेष न्यायालयात खटला चालला, निकालाआधीच २००७ मध्ये ते वारले. मेंदे लोकांमध्ये कित्येकांना आजही तो खटला अन्याय वाटतो, आणि मला त्यांची बाजू समजते. ज्यांच्या घरातली माणसं कमाजोरांनी मारली त्यांचीही समजते.

म्हणून रानवाट, "मक्ता" हा तुमचा शब्द बरोबर आहे पण तो मिलिशियाच्या जन्मापासून लावू नका. बऱ्याचदा पहिल्या दिवशी ती गावाची असते. ती गावाच्या हातून कधी निसटते, ते शोधायला हवं.

पाटीपेन्सिल:

+१ काजवा. माझ्या मते निसटते ती बाहेरून पैसा आणि शस्त्रं यायला लागतात तेव्हा. तोपर्यंत पोरांना जेवू गाव घालत असतं, त्यामुळे गावाचा धाक असतो, कुणी चुकला तर त्याच्या चुलत्याला जाऊन सांगता येतं. एकदा का बाहेरचा देश किंवा खाण किंवा अफू त्यांना पोसू लागली की गावाची गरजच संपते. लेबनॉनमध्ये बेकाच्या खोऱ्यातलं हशीश आणि जो तो आपला बेकायदा धक्का बांधून बसलेला, बैरूत बंदराचा एक भागच लेबनीज फोर्सेसकडे होता. सुदानात सोनं. कोलंबियात कोकेन, आणि तिथे तर वंश-धर्माची फाळणीच नव्हती, जमीनदारांच्या रक्षणासाठी म्हणून निघालेल्या टोळ्या १९९७ मध्ये एयूसी नावाने एक झाल्या आणि कितीतरी खासदारांच्या पाठीशी तेच असल्याचं नंतर खटल्यांत बाहेर आलं. तिथे ओळख कुठली, तर "गनिमांचा माणूस" असा शिक्का. तो कुणावरही मारता यायचा, कामगार संघटनेवाल्यावर, शिक्षकावर, जमीन न सोडणाऱ्या शेतकऱ्यावर. पंथाचा कागद नसेल तर शिक्का तयार करतात.

उंबरठा:

आणि युद्ध संपल्यावर? या लोकांचं पुढे काय होतं? मला खरं तर तेच सगळ्यात जास्त टोचतं.

रानवाट:

@काजवा, मान्य. माझं म्हणणं बदलतो, जन्मापासून नाही. अमलच्या बाबतीतही तुमचंच बरोबर ठरतं, दक्षिणेतल्या शिया शेतकऱ्यांना विचारणारं कुणीच नव्हतं तेव्हा ती उभी राहिली.

@उंबरठा, लेबनॉनचं सांगतो. १९८९ मध्ये ताइफचा करार झाला, संसदेत जागा निम्म्या-निम्म्या झाल्या, पंथाची वाटणी मात्र तशीच राहिली. ऑगस्ट १९९१ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा आला. मिलिशिया विसर्जित, हिजबुल्ला सोडून. आणि म्होरके कोट घालून मंत्री झाले. अमलचे नबीह बेरी १९९२ पासून सभापती. द्रूझ या छोट्या पंथाचे वलीद जुम्ब्लात मंत्री. साब्रा-शातिलामध्ये ज्याचं नाव घेतलं जातं तो एली होबेका मंत्री, २००२ मध्ये गाडीतल्या स्फोटात गेला. समीर जाजा एकटा तुरुंगात गेला, ११ वर्षं, तेसुद्धा सीरियाशी पटलं नाही म्हणून असंच बहुतेक लोक मानतात, सुटून आल्यावर आज त्याचा पक्ष संसदेतल्या मोठ्या पक्षांपैकी एक.

लोक त्यांना मत का देतात याचं उत्तर मला नेहमी एकच सापडतं. दवाखान्यात खाट, मुलाला नोकरी, शाळेत प्रवेश, हे सगळं अजून पंथाच्या नेत्याकडूनच मिळतं. नाका उठला पण ज्याने तो लावला होता त्याच्याच दारात अजून उभं राहावं लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि "सगळे म्हणजे सगळेच" जा म्हणाले, म्हणजे आपल्या पंथाचा नेतासुद्धा, तेव्हा मी रात्र रात्र जागून ते बघत होतो. फार आशा वाटली होती मला.

साधा_प्रश्न:

रानवाट, तुमचं उत्तर पोचलं, धन्यवाद. मारणाऱ्याची बाजू आणि मरणाऱ्याची बाजू वेगळी करून बघायची हे पटलं.

लेबनॉनबद्दल तुम्ही एक राहू दिलंत ते मी लिहिते. साधारण १७ हजार माणसं तिथे बेपत्ता आहेत, अजून. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये एका बाईच्या नवऱ्याला घरातून चौकशीला म्हणून नेलं, तो परत आला नाही. तिने रेडिओवरून आवाहन केलं, की ज्यांच्या घरातलं कुणी पळवलं गेलंय त्यांनी या, आणि एवढ्या बायका आल्या की तिलाच धक्का बसला. त्यातून बेपत्ता लोकांच्या कुटुंबांची समिती झाली. नेणाऱ्या मिलिशिया वेगवेगळ्या, पंथ वेगवेगळे. युद्धात शहराचे दोन तुकडे झाले होते आणि तरी या बायका एकत्र होत्या. माफीच्या कायद्यानंतर त्यांना सांगितलं गेलं की झालं गेलं विसरा. १९९५ मध्ये कायदा आला की चार वर्षांहून जास्त बेपत्ता असेल तर मृत जाहीर करून घ्या. कित्येकींनी नकार दिला, कारण त्या कागदावर सही म्हणजे आपल्याच माणसाला आपण मारणं.

२००५ मध्ये त्यांनी बैरूतमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरच्या बागेत तंबू ठोकला आणि वर्षानुवर्षं तिथे बसल्या. फोटो लटकवलेले, कॉलेजच्या वयातली पोरं, लग्नातले नवरे. सगळे त्याच वयाचे राहिलेत आणि तंबूतल्या आया म्हाताऱ्या झाल्या, त्यातल्या काही गेल्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटी कायदा क्रमांक १०५ मंजूर झाला, बेपत्तांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमायचा असा. माणूस कुठे पुरलाय हे ज्यांना माहीत आहे त्यांतले काही तेव्हा संसदेतच बसलेले होते.